त्रास देणाऱ्या खेळाडूला कायमचं हाकलण्याआधी

पैसे मोजून घेतलेला ऑनलाइन गेम आणि पाच जणांची टीम आहे. सामना नुकताच सुरू झालाय आणि आपल्यातलाच एक जण दारात आडवा उभा राहून बाकीच्यांना बाहेर पडू देत नाही. माइक उघडा ठेवून मोठ्याने गाणी वाजवतो, कुणी हटकलं तर शिव्या देतो आणि शेवटी कंटाळा आला म्हणून आपल्याच माणसाला मागून गोळी घालतो. सामना हातचा गेला, रँक घसरली, मोकळा वेळ वाया गेला. 'रिपोर्ट'चं बटण दाबताना उरलेल्या चौघांच्या मनात एकच मागणी असते: याला कायमचा बॅन करा.

या रागात गैर काहीच नाही. तरीही कायमचा बॅन ही शेवटची पायरी असावी, पहिली नव्हे, असं माझं ठाम मत आहे. त्रास देणाऱ्याची मला कीव येते असं समजू नका. मला काळजी त्या चौघांची आहे आणि बॅनवर भिस्त ठेवली की त्यांची सुटका उलट लांबते. ते कसं, हे आधी पाहू.

गेमसाठी पैसे मोजण्याचे साधारण तीन प्रकार आहेत. गेम एकदाच विकत घेणं, दर महिन्याला वर्गणी भरणं, किंवा कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर, ऑनलाइन खेळण्यासाठी वेगळी सेवा घेणं. कायदेशीर भाषेत बोलायचं तर बहुतेक वेळा आपण गेम विकत घेत नाही, तो वापरण्याचा परवाना घेतो. नियम मोडल्यास तो रद्द करण्याचा हक्क कंपनी आपल्याकडे राखून ठेवते. पण खेळणाऱ्याच्या मनात गेम 'माझा' असतो. त्यात त्याने पुढे घेतलेले पोशाख, शस्त्रांचे रंग, जादा भाग आणि शेकडो तासांची मेहनतही असते. बॅन झाला की हे सगळं एका फटक्यात जातं. दुसऱ्या बाजूला, ज्या चौघांचा सामना नासला त्यांनीही तेवढेच पैसे मोजलेत. 'मी पैसे भरलेत, मी हवं ते करीन' हा युक्तिवाद तिथेच संपतो.

आता शिक्षा इतकी जबर असेल तर ती देताना कंपनीला पुरावाही तितकाच भक्कम लागतो. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली तर पैसे परत करावे लागतात, नाव खराब होतं, तक्रारी वाढतात. म्हणून तपास रेंगाळतो. तोवर तो महाभाग रोज नव्या चार जणांच्या डोक्याला ताप देत राहतो. शिवाय पट्टीचा उपद्रवी गेमची किंमत सेलमध्ये उतरली की नवी प्रत घेतो आणि नव्या नावाने हजर होतो. फुकट गेमपेक्षा विकतच्या गेममध्ये बॅनचा धाक जास्त असतो हे खरं, कारण परत यायला खिशात हात घालावा लागतो. पण जो सूड म्हणून खेळतो त्याला तेवढ्याने आळा बसत नाही. शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती किती नक्की होते आणि किती लवकर होते, याने माणसाच्या वागण्यात जास्त फरक पडतो. छोटी शिक्षा लगेच देता येते. मोठी शिक्षा लगेच देता येत नाही.

मुळात त्रास देतं कोण?

आपल्याला वाटतं, मूठभर नासके लोक सगळं बिघडवतात, त्यांना वेचून बाहेर काढलं की झालं. 'लीग ऑफ लेजंड्स' हा फुकट खेळता येणारा गेम आहे, पण या प्रश्नावर त्याच्या कंपनीने, म्हणजे रायट गेम्सने, जितका खोलात जाऊन अभ्यास केला तितका फार कमी जणांनी केला असेल. तिथे जेफ्री लिन या शास्त्रज्ञाच्या टीमने चॅटच्या नोंदी तपासल्या. सतत विखारी वागणारे खेळाडू एक टक्क्याच्या आसपास निघाले आणि एकूण विखारी वागण्यात त्यांचा वाटा होता पाच टक्क्यांच्या घरात. उरलेला बहुतेक भाग एरवी बऱ्या वागणाऱ्या लोकांचा होता. दिवस वाईट गेलेला, लागोपाठ हरलेले, कुणीतरी डिवचलेलं, आणि मग तोंड सुटलं.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. ते एक टक्का लोक उद्या सगळे हाकलले तरी पंचाण्णव टक्के त्रास जागच्या जागी राहील. आणि उरलेल्यांना हाकलायचं ठरवलं तर गेम ओस पडेल. म्हणजे बहुतांश प्रसंगांत प्रश्न 'या माणसाला काढू का' असा नसून 'या माणसाला आत्ता, या घडीला, कसं थोपवू' असा आहे.

ज्याने त्रास दिला, तेच काढून घ्या

माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत कामाचा विचार हा आहे. जीभ सुटली असेल तर बोलणं बंद करा, खेळणं नको. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा महिन्याच्या वर्गणीवर चालणारा गेम. तिथे २०१६ पासून शिवीगाळ करणाऱ्यासाठी 'सायलेन्स' म्हणजे मौनाची शिक्षा आहे. पहिल्यांदा चोवीस तास, आणि पुढच्या प्रत्येक वेळी मुदत दुप्पट. दुपटीचा हिशेब सुरुवातीला किरकोळ वाटतो. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. सातव्या खेपेला तो चौसष्ट दिवसांवर जातो. खेळाडू आपलं पात्र घेऊन फिरू शकतो, लढू शकतो, वर्गणी फुकट जात नाही. फक्त अनोळखी लोकांना ऐकू जाईल असं बोलता येत नाही. यात चुकून एखाद्यावर अन्याय झालाच तर तोही एका दिवसाचा आणि मर्यादित असतो, म्हणून कंपनीला ही शिक्षा देताना हात आखडता घ्यावा लागत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या कन्सोलने २०२३ मध्ये हाच विचार नियमावलीत बसवला. प्रत्येक चुकीचे गंभीरतेप्रमाणे 'स्ट्राइक' मिळतात आणि प्रत्येक स्ट्राइक सहा महिने खात्यावर राहतो. आठ झाले की एक वर्षभर मेसेज, पार्टी (मित्रांशी गटात बोलणं), मल्टिप्लेअर (इतरांसोबत खेळणं) या सामाजिक सोयी बंद. पण विकत घेतलेले गेम तुमचेच राहतात, ते एकट्याने खेळता येतात. आपल्या खात्यावर किती स्ट्राइक आहेत हे खेळाडूला केव्हाही पाहता येतं, आणि मला हा भाग शिक्षेइतकाच महत्त्वाचा वाटतो. कड्यापासून आपण किती लांब आहोत हे दिसलं की बरेच जण आपणहून मागे सरतात.

हात चालवणाऱ्यांसाठी तोडगा वेगळा लागतो. 'रेनबो सिक्स सीज' या सुरुवातीला विकतच्या असलेल्या शूटिंग गेममध्ये आपल्याच साथीदाराची गोळी लागते. तो गेमचा गाभाच आहे, कारण त्यामुळे प्रत्येकाला जपून नेम धरावा लागतो. पण याच नियमाचा फायदा घेऊन काही जण मुद्दाम आपल्या माणसांना मारत. २०१९ मध्ये गेमची कंपनी युबिसॉफ्टने उलटा मार आणला. साथीदाराला मारलं की मेलेल्याच्या पडद्यावर प्रश्न येतो, हे मुद्दाम केलं का? त्याने हो म्हटलं की पुढे त्या सामन्यात मारणाऱ्याची साथीदारावरची प्रत्येक गोळी त्याच्याच अंगावर उलटते. तो शत्रूवर गोळ्या झाडू शकतो, सामना खेळू शकतो, टीम चार जणांवर येत नाही. फक्त त्या एका खोडीतली मजा संपते. तपास नाही, तक्रारीचा अर्ज नाही, तीन दिवसांनी येणारा ईमेल नाही. ज्याला मार बसला त्याच्या हातात निर्णय, आणि निकाल त्याच सामन्यात. या एका यंत्रणेवर मी पानंच्या पानं लिहू शकेन, इतकी ती नेमकी आहे.

नियमच बदलला तर?

त्याहून खोल जाणारा उपाय म्हणजे त्रास देणं शक्यच होणार नाही किंवा त्यातून काही मिळणारच नाही, असा गेम घडवणं. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण 'जर्नी' या २०१२ च्या गेमचं. वाळवंटातून चालत एका पर्वताकडे जायचं आणि वाटेत एखादा अनोळखी खेळाडू भेटतो. सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये दोघांची शरीरं एकमेकांना धडकत असत. बनवणाऱ्यांची अपेक्षा होती की लोक एकमेकांना हात देतील. लोकांनी एकमेकांना कड्यावरून ढकललं. जेनोवा चेन आणि त्यांच्या टीमने खेळाडूंना दोष दिला नाही. त्यांनी धक्का काढून टाकला आणि त्याजागी असं केलं की दोघं जवळ आले की दोघांनाही उडण्याची शक्ती मिळते. लिहिणं-बोलणंही नाही, फक्त एक सुरेल साद घालता येते. माणसं तीच, पण आता ती एकमेकांच्या जवळ राहू लागली.

लहान मूल पाण्यात दगड टाकतं ते डुबुक आवाज येतो म्हणून, पाण्याशी वैर असतं म्हणून नव्हे. पुष्कळसा उपद्रव असाच असतो. कृती केली की मोठा परिणाम होतो, समोरचा चिडतो, आणि तेच बक्षीस ठरतं. परिणाम काढून घेतला की हात थांबतो.

रायटने केलेला एक बदल तर वरवर पाहता क्षुल्लक होता. विरुद्ध टीमशी चॅट करण्याची सोय आपोआप सुरू असायची, ती त्यांनी आपोआप बंद ठेवली. ज्याला हवी त्याने सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी. चॅट वापरण्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं, पण नकारात्मक बोलणं साधारण एक तृतीयांशाने घटलं आणि चांगलं बोलणं जवळपास तितकंच वाढलं. कुणालाही शिक्षा झाली नाही. राग आणि टाइप करणारी बोटं यांच्यात एक छोटं पाऊल वाढलं, एवढंच.

मात्र यालाही मर्यादा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. 'रॉकेट लीग' या गाड्यांनी फुटबॉल खेळायच्या गेममध्ये तयार वाक्यांची झटपट चॅट आहे. गोल वाचवणाऱ्याला शाबासकी म्हणून 'व्हॉट अ सेव्ह!' हे वाक्य दिलं. खेळाडू ते नेमकं समोरच्याच्या हातून गोल सुटला की पाठवतात, तेही लागोपाठ तीनदा, कारण त्याहून जास्त पाठवलं तर गेम काही सेकंद चॅट थांबवतो. शब्द गोड असले तरी टोचायचं ठरवलेला माणूस त्यातूनही टोचतो. म्हणून 'समोरच्याचं काहीच ऐकायचं नाही' हे बटण कुठल्याही गेममध्ये एका टिचकीवर असलंच पाहिजे, मेनूच्या चौथ्या पानावर नाही.

नियम बदलण्याची सर्वांत मोठी आणि सर्वांत वादग्रस्त घटना २००० सालची. 'अल्टिमा ऑनलाइन' हा १९९७ मध्ये आलेला, महिन्याच्या वर्गणीवरचा गेम. त्यात कुणीही कुणालाही मारून लुटू शकत असे. नवखे खेळाडू गावाबाहेर पडले की मारले जात आणि गेम सोडून जात. खुन्यांची नावं लाल दाखवणं, त्यांच्यावर इनाम लावणं असे उपाय झाले, पण सराईत लुटारू प्रत्येकातून पळवाट काढत. शेवटी जगाची दोन रूपं केली गेली. फेलुका, जिथे जुना नियम चालू राहिला, आणि ट्रॅमेल, जिथे मर्जीविरुद्ध कुणाला मारता येत नाही. बहुतेक लोक ट्रॅमेलला गेले. जुन्या जगातला थरार गेला म्हणून हळहळणारे आजही आहेत आणि त्यांचं म्हणणं मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. धोका हाच काही खेळांचा प्राण असतो. 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये फसवणूक आणि दगाबाजी नियमांतच बसते, आणि तिथे लोक त्यासाठीच पैसे भरतात. म्हणून 'उपद्रव' कशाला म्हणायचं हे प्रत्येक गेमने विक्रीच्या आधीच, ठळकपणे सांगायला हवं.

वेगळी पंगत

पुढचा मार्ग म्हणजे उपद्रवी खेळाडूंना एकमेकांतच खेळायला लावणं. ऐकायला न्याय्य वाटतं. 'जीटीए ऑनलाइन'मध्ये दुसऱ्यांच्या गाड्या वारंवार उडवणाऱ्याला 'बॅड स्पोर्ट' ठरवून त्याच्यासारख्यांच्याच लॉबीत, म्हणजे वेगळ्या खेळगटात, टाकतात, पात्राच्या डोक्यावर टोकदार टोपी चढते, आणि मुदत पहिल्यांदा दोन दिवस, मग चार, मग आठ अशी वाढते. 'डोटा २'मध्ये 'लो प्रायॉरिटी' नावाची वेगळी रांग आहे. तिथून बाहेर पडायला नुसती वाट पाहून चालत नाही, ठरावीक संख्येने सामने जिंकावे लागतात. जिंकायचं तर टीमने एकत्र खेळावं लागतं. ही अट मला फार शहाणपणाची वाटते, कारण शिक्षेतच सुधारण्याचा सराव आहे. टोपी घालून दोन दिवस काढण्यात तसं काही नाही.

पण वेगळ्या पंगतीला माणसं पुरेशी लागतात. 'फॉल गाय्ज' २०२० मध्ये विकतचा गेम म्हणून आला तेव्हा फसवेगिरी करणाऱ्यांना गुपचूप एका वेगळ्या ठिकाणी, म्हणजे 'चीटर आयलंड'वर पाठवत. सामना सुरू व्हायला चाळीस जण लागत आणि तेवढे चीटर एका वेळी जमत नसत, त्यामुळे ते सुरुवातीच्याच दृश्यात अडकून पडत. पुढे कंपनीने ते बंद करून चीटरना दारातच अडवायला सुरुवात केली. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. चुकून तिथे टाकला गेलेला साधा खेळाडू चार दिवसांत तिथल्यांसारखाच वागायला शिकतो. आणि गुपचूप टाकलं असेल तर आपलं काय चुकलं हेही त्याला कळत नाही. गुप्त शिक्षा चीटरच्या बाबतीत चालेल, कारण पकडलं कसं हे त्याला कळू द्यायचं नसतं. बाकी कुणाच्याही बाबतीत मला ती मान्य नाही.

अधिकार खेळाडूंच्या हातात दिला तर काय होतं, याचे दोन धडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. 'सी ऑफ थीव्ह्ज' या चाच्यांच्या गेममध्ये जहाजावर कोठडी आहे. खलाशांनी मत दिलं की त्रासदायक साथीदार आत जातो आणि मतानेच बाहेर येतो. कल्पना सुंदर आहे, जगाशी सुसंगत आहे. पण तीन मित्र आणि एक अनोळखी असा संच जमला की त्या बिचाऱ्याला काहीही कारण नसताना कोठडीत टाकण्याचे प्रकार झाले. त्रास रोखण्याचं हत्यार त्रास देणाऱ्यांच्या हाती लागलं. 'ओव्हरवॉच' या टीमने खेळायच्या शूटिंग गेममध्ये २०१६ साली 'या खेळाडूला टाळा' अशी सोय होती. विडोमेकर हे पात्र खेळणारा जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक जण तक्रार घेऊन आला की त्याला सामनाच मिळत नाही. शेकडो लोकांनी त्याला टाळलं होतं. तो उद्धट नव्हता, फक्त फार चांगला खेळत होता. सोय काढून टाकावी लागली. २०१८ मध्ये ती परत आली ती आखडून. फक्त टीममध्ये नको म्हणता येत होतं, विरुद्ध बाजूला तो येऊ शकत होता, आणि तेही एका वेळी मोजक्याच जणांना, ठरावीक दिवसांसाठी.

त्याच वर्षी 'ओव्हरवॉच'ने उलट बाजूनेही प्रयत्न केला. सामना संपल्यावर चांगलं वागणाऱ्याला दाद देण्याची सोय आली आणि ती दाद नावाशेजारी दिसू लागली. गेमची कंपनी ब्लिझर्ड हिच्या माहितीनुसार त्यानंतर शिवीगाळ असलेल्या सामन्यांचं प्रमाण अमेरिका खंडांत सुमारे २६ टक्क्यांनी आणि कोरियात सुमारे १६ टक्क्यांनी उतरलं. आकडे कंपनीचेच आणि सुरुवातीच्या काळातले आहेत, म्हणून फार ताणू नयेत. तरी कुणाचंही काही न हिरावता इतका फरक पडत असेल तर तो उपाय आधी करायला काय हरकत आहे?

कारण सांगा, लगेच सांगा

शिक्षा कुठलीही असो, 'नियमभंगामुळे कारवाई झाली आहे' एवढा एक ओळीचा निरोप माणसाला सुधारत नाही, चिडवतो. 'लीग ऑफ लेजंड्स'मध्ये शिक्षेसोबत खेळाडूला त्याच्याच चॅटमधल्या ओळी दाखवायला लागले तेव्हा पुन्हा चूक करणाऱ्यांचं प्रमाण घटलं. स्वतःचे शब्द थंड डोक्याने वाचले की 'मी असं काही बोललोच नाही' म्हणायला जागा उरत नाही. विकतच्या गेममध्ये तर हे ग्राहक म्हणून त्याला मिळायलाच हवं: कुठला सामना, कुठलं वाक्य, किती दिवस, आणि दाद कुठे मागायची. दाद ऐकायला माणूस असावा, आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम नव्हे. वर्गणीच्या गेममध्ये पूर्ण प्रवेशबंदी केलीच तर तेवढ्या दिवसांची वर्गणी पुढे सरकवावी असंही मला वाटतं. कंपनीला शिक्षेतून कमाई होता कामा नये, नाहीतर तिच्या हेतूबद्दल शंका येतेच.

मग बॅन कुणाला? लहान मुलांच्या मागे लागणारा, खऱ्या आयुष्यात इजा करण्याची धमकी देणारा, जात, वंश, लिंग यांवरून एखाद्याचा पाठलाग करून छळणारा आणि चीट, म्हणजे फसवून जिंकून देणारे प्रोग्रॅम, विकणारा. यांच्यासाठी पायऱ्या नकोत. चीट वापरणाऱ्यांच्या बाबतीत 'कॉल ऑफ ड्यूटी'ने मधली एक सोय शोधलीय. संशयित सापडला की त्याच्या गोळ्यांतला जोर काढून घेतात, किंवा समोरचे खेळाडू त्याला दिसेनासे करतात. प्रामाणिक खेळाडू त्या सामन्यात वाचतात आणि तोवर कंपनी चीटचा अभ्यास करते. बॅन नंतर येतोच.

या सगळ्या चर्चेत एक माणूस हमखास विसरला जातो, तो म्हणजे ज्याचा सामना नासला तो. त्याने रिपोर्ट केला, पुढे काय झालं हे त्याला कळतही नाही. तुमच्या तक्रारीवर कारवाई झाली, एवढा निरोप पाठवायला फार काही लागत नाही आणि तो आला की लोक रिपोर्टचं बटण जबाबदारीने वापरतात. साथीदार सामना सोडून पळाला तर हरल्याचे गुण उरलेल्यांच्या माथी मारू नयेत. 'रेनबो सिक्स सीज'मध्ये चीटर पकडला गेला की त्याच्यासोबत किंवा त्याच्याविरुद्ध खेळलेल्या सामन्यांतून इतरांच्या रँकमध्ये झालेला बदल मागे घेण्याची सोय आणली गेली. चीटरला काय शिक्षा झाली हे त्या खेळाडूला कदाचित कधीच कळणार नाही, पण हिरावलेले गुण त्याच्या खात्यावर परत आलेले असतात.